संगणकाची घरघर आणि तानपुऱ्याचा षड्ज

विलंबित ख्यालाचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण लावले की गायकाचा पहिला स्वर येण्यापूर्वी काही क्षण केवळ तानपुराच ऐकू येतो. घरातील ध्वनिव्यवस्था कितपत चांगली आहे याची परीक्षा त्या काही क्षणांतच होऊन जाते. पुढे तबला आला, लय वाढली, ताना सुरू झाल्या की सामान्य यंत्रसुद्धा आपले दोष झाकून नेते. तानपुऱ्याच्या वेळी मात्र झाकायला काहीच नसते. खोलीत जो जो अन्य आवाज असेल, तो त्या षड्ज-पंचमाच्या शेजारी येऊन बसतो.

सांगलीच्या पेठेत हळदीची आडत असलेल्या एका कुटुंबाला हा अनुभव अलीकडे आला. घरातील ज्येष्ठ, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते, त्यांनी १९८४ साली मोठ्या हौसेने एक स्टिरिओ संच घेतला होता. अ‍ॅम्प्लिफायर, लाकडी पेटीतले दोन भक्कम स्पीकर, कॅसेट डेक आणि तबकडीयंत्र. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपण्याची घराची रीत असल्याने निजेपर्यंतचा दोन-तीन तासांचा निवांत वेळ हाताशी असे, आणि तो बहुधा गाण्यातच जाई. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांच्या तबकड्या व कॅसेटी, पुढे सीडी, असा मोठा संग्रह झाला. परंतु यंत्रे वयोमानानुसार एकेक करून थकली. कॅसेट डेकचा रबरी पट्टा सैल झाला, तबकडीच्या सुईला बदली मिळेना, नंतर घेतलेला सीडी प्लेअर निम्म्या तबकड्या वाचण्यास नकार देऊ लागला. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र सुस्थितीत होते, आणि तरीही सोप्यातल्या कपाटात नुसते उभे होते.

नातवाने त्यावर तोड काढली. आडतीच्या दुकानात हिशेबासाठी नवा संगणक आला होता, जुना रिकामा पडला होता. तो घरी आणून त्यात गाणी भरायची आणि त्याची तार अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची, इतका सरळ बेत. पहिल्या संध्याकाळी तानपुरा सुरू झाला. अण्णांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "बाळा, गाणं बरं लागलंय, पण मागं गिरणी कुणाची चाललीय?"

गिरणी संगणकाचीच होती. जुन्या मेजावरच्या संगणकात आवाजाची तीन-चार ठिकाणे असतात. प्रोसेसरवरचा पंखा, वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा, कधी आणखी एक मागच्या बाजूला, आणि मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क. दुकानात माणसांची वर्दळ, वजनकाट्याची ठोकाठोक आणि टेम्पोचे भोंगे यांत हा आवाज कोणाच्या ध्यानातही येत नाही. रात्री आठ वाजता सोप्यात तो स्पष्ट ऐकू येतो.

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. ही मोजपट्टी व्यापारी माणसाला समजण्यास कठीण नाही, कारण ती चक्रवाढीच्या चालीने जाते. दहा डेसिबलने वाढ झाली की ध्वनीची शक्ती दहापट होते, वीसने झाली की शंभरपट. रात्रीच्या शांत खोलीत साधारण ३० डेसिबलची पातळी असते. निवासी भागासाठी कायद्याने घालून दिलेली रात्रीची मर्यादा ४५ आहे. धूळ साचलेला जुना संगणक जवळून ४० पर्यंत सहज जातो. खोलीत बेताच्या आवाजात गाणे लावले असता त्यातला हळुवार भाग, म्हणजे आलापीचे विरते स्वर, मींडीचे शेवटचे टोक, तानपुऱ्याचा झंकार, हेही त्याच पातळीच्या आसपास असते. दोघांची गाठ पडते आणि हरतो तो स्वर. यावर आवाज वाढवणे हा पहिला सुचणारा उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. हळुवार भाग वर आणावा तर तार सप्तकातली तान अंगावर येते आणि शेजारचे दार उघडते.

नातवाने संगणकाचे झाकण उघडले तेव्हा आतला सारा भाग पिवळा निघाला. दहा वर्षांची हळदीची पूड पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरवरच्या धातूच्या कंगव्यात दाटून बसली होती. उष्णता बाहेर पडेना म्हणून पंखा अधिक वेगाने फिरत होता, आणि वेगाबरोबर आवाज वाढत होता. मऊ कुंचल्याने व ब्लोअरने ते साफ केल्यावर निम्मी गिरणी बंद झाली. ज्यांच्या घरी वा दुकानात गोंगाट करणारा संगणक आहे, त्यांनी नवे काही विकत घेण्यापूर्वी एवढे अवश्य करून पाहावे. मात्र ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा ते भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

दरम्यान जोडणीच्याही चुका झाल्या. नातवाने तार प्रथम अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ असे लिहिलेल्या खोबणीत घातली. आवाज फाटका आणि फुगलेला येऊ लागला. तबकडीच्या सुईकडून येणारा विद्युतसंकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. म्हणून ती खोबणी तो जवळजवळ शंभरपट वाढवते, शिवाय तबकडी कोरताना कमी केलेला खर्ज भरून काढते. संगणकाचा संकेत मुळातच बलवान, त्याला ही खुराक दिली की अजीर्ण होते. ‘ऑक्स’, ‘ट्यूनर’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ यांपैकी कोणतीही खोबणी चालते, ‘फोनो’ तेवढी टाळायची.

तार ‘ऑक्स’मध्ये गेल्यावर नवाच प्रकार उघड झाला. माउस हलवला की स्पीकरमधून किरकिर ऐकू येई. संगणकाच्या मुख्य पाटीवरच ध्वनीची चकती बसवलेली असते. तिच्या भोवती अनेक मंडले अतिवेगाने चालू-बंद होत असतात आणि त्यांची कुजबुज ध्वनीच्या मार्गात झिरपते. शिवाय एक अखंड, खर्जातला हुंकार येत होता. हा हुंकार भारतात वीज ५० आवर्तनांची असल्यामुळे ५० आणि १०० आवर्तनांचा असतो. त्याचे कारण वेगळे होते. संगणक तीन पिनांच्या प्लगने अर्थिंगला जोडलेला होता. त्याच अ‍ॅम्प्लिफायरला दूरदर्शन संचाचीही तार होती, आणि त्या संचात येणारी केबलची तार इमारतीबाहेर दुसरीकडेच जमिनीला जोडलेली होती. दोन ठिकाणच्या जमिनींत विद्युतदाबाचा किंचित फरक असतो. त्या फरकामुळे तारांच्या वेटोळ्यातून अत्यल्प प्रवाह वाहतो आणि तोच स्पीकरमधून गुणगुणतो. केबलची तार काढताच हुंकार थांबला, त्यावरून निदान पक्के झाले.

इथे एका गोष्टीविषयी कळकळीने लिहिणे आवश्यक आहे. बोलावलेल्या वायरमनने तत्काळ सुचवलेला इलाज म्हणजे संगणकाच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाकणे. हा इलाज सर्रास केला जातो आणि हुंकार त्याने खरोखर थांबतो. परंतु ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. यंत्रातली वीज धातूच्या पेटीत उतरली तर ती अर्थिंगमधून निघून जावी आणि फ्यूज तुटावा, यासाठी तिची योजना आहे. पिन कापलेल्या यंत्राला ओल्या हाताने कोणी स्पर्श केला तर वीज त्या माणसातून जमिनीत जाईल. गाण्यातला हुंकार घालवण्यासाठी घरातल्या माणसांचा जीव तारण ठेवणे हा कोणत्याही हिशेबाने सौदा होत नाही. अण्णांच्या सूनबाईंनी वायरमनला चहा दिला आणि पक्कड पिशवीत ठेवायला सांगितले.

अखेरीस जुना संगणक दुकानात परत गेला आणि त्याच्या जागी दोन छोट्या वस्तू आल्या.

पहिली म्हणजे पत्त्याच्या पानापेक्षा फार मोठा नसलेला, एकाच पाटीवरचा संगणक. २०१२ साली ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना संगणकाची ओळख व्हावी या हेतूने निघालेला ‘रास्पबेरी पाय’ या वर्गातला सर्वांत परिचित. गाणी वाजवण्याच्या कामासाठी त्याला पंखा लागत नाही. धातूच्या पेटीत बसवला की पेटीच उष्णता बाहेर टाकते. गाणी ठेवण्यासाठी फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली की हलणारा एकही भाग उरत नाही, म्हणजे आवाज निर्माण होण्याचे कारणच उरत नाही. तो मोबाइलच्या चार्जरसारख्या छोट्या अ‍ॅडॉप्टरवर चालतो. अशा अ‍ॅडॉप्टरची उपकरणाकडची बाजू बहुधा अर्थिंगला जोडलेली नसते, त्यामुळे पूर्वीचे वेटोळे आपोआप तुटले आणि केबलची तार परत लावल्यावरही हुंकार आला नाही.

दुसरी वस्तू म्हणजे ‘डॅक’. संगणकातले गाणे हे आकड्यांच्या रूपात असते. सीडीचेच उदाहरण घेतले तर एका सेकंदात प्रत्येक बाजूसाठी ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेऊन ते आकड्यात लिहिलेले असते. ही किर्द वाचून तिचे पुन्हा विद्युतलहरीत रूपांतर करण्याचे काम डॅक करतो. तो संगणकाच्या पोटात असला की वर सांगितलेली कुजबुज त्याला ऐकू येते. यूएसबीच्या तारेने जोडलेल्या वेगळ्या डबीत असला की तो त्या गलबल्यापासून दूर राहतो. डॅकच्या मागून तांबडी-पांढरी पिन अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये गेली आणि जोडणी पुरी झाली.

खर्चाचा प्रश्न या वाचकवर्गाला पडणारच. हे दोन्ही काही हजारांत येते. एका मध्यम स्मार्टफोनच्या आत सारे बसते. चालू खर्च तर नगण्य. पाच वॅट घेणारे हे यंत्र वर्षभर अहोरात्र चालू ठेवले तरी सुमारे ४४ युनिट वीज लागते. ऐंशी वॅटचा जुना संगणक दिवसाला केवळ सहा तास चालवला तरी वर्षाला १७५ युनिट खातो. मात्र काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, यात लोक नेमकी उलट चूक करतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या तारांवर पैसे घालण्यात अर्थ नाही. दीड मीटरची साधी, घट्ट बसणारी तार पुरेशी होते. पैसे जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीवर घालावेत. चाळीस वर्षांत त्यातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात, आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते, स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड भुगा होऊन गळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सुटे भाग मिळतात, आणि जिल्ह्याच्या गावीही रेडिओ दुरुस्त करणारा एखादा जुना कारागीर असतोच. अण्णांच्या संचाला असाच कारागीर मिळाला. त्याने कंडेन्सर बदलले, बटणे साफ केली आणि मजुरी सांगताना संकोचला.

सीडीवरची गाणी उतरवून घेण्यास पावसाळ्याचे दोन महिने लागले, कारण नातू रोज दुकानातून आल्यावर चार-पाचच तबकड्या करी. एका तासाचे सीडीवरचे संगीत मूळ रूपात सुमारे ६३५ एमबी जागा घेते. एमपी३ मध्ये ते बरेच लहान होते, पण त्यासाठी काही भाग कायमचा टाकून द्यावा लागतो. ‘फ्लॅक’ नावाची पद्धत २००१ पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे. तिच्यात जागा साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश लागते आणि मूळचा एकही आकडा गमावला जात नाही. हिशेबाची वही दाट अक्षरात लिहून पाने वाचवावीत, नोंद एकही गाळू नये, तसे ते आहे. तीनशे सीडींचा संग्रह २५६ जीबीच्या डिस्कमध्ये आरामात मावतो. जागा इतकी स्वस्त असताना एमपी३ करून पुढे पश्चात्ताप करण्याचे कारण दिसत नाही.

महिन्याचे भाडे भरून इंटरनेटवरून हवे ते ऐकण्याची सोय आज आहे, तेव्हा हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ती सोय चांगलीच आहे आणि याच यंत्रावर तीही चालते. पण जुन्या मैफलींची कितीतरी मुद्रणे तिथे नसतात, आणि भाडे थांबले की गाणेही थांबते.

गाणी वाजवण्यासाठी ‘व्हॉल्युमिओ’सारखी मोफत प्रणाली त्या छोट्या संगणकात घातली. तिला पडदा लागत नाही, घरातल्या कोणत्याही मोबाइलवरून गाणे निवडता येते. दोन पथ्ये पाळावी लागली. एक, दोन गाण्यांमध्ये क्षणभराचा खंड पडू न देणारी सोय चालू केली, नाहीतर एकच राग दोन भागांत विभागलेल्या सीडीवर तानपुरा मध्येच तुटतो. दोन, वीज अचानक गेल्यास मेमरी कार्डावरची प्रणाली बिघडू शकते, म्हणून यंत्र रीतसर बंद करण्याची सवय लावली. इन्व्हर्टर जुन्या चौकोनी लहरीच्या पद्धतीचा असेल तर वीज गेल्यावर अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरतो, त्यावर गाणे बंद करून गप्पा माराव्यात हे उत्तम. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर एप्रिल-मे महिन्यांत छताचा पंखा या सर्व शांततेवर पाणी फिरवतो. सांगलीच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून ख्याल ऐका, असे कोणाला सांगण्याचे धाडस होणार नाही. फक्त पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर नसावेत, त्याचीही किरकिर उतरते.

अण्णा मोबाइलवर गाणी निवडण्यास प्रारंभी तयार नव्हते. नातवाने सर्व संग्रहाची नावे देवनागरीत, गायकाच्या नावाने आणि मग रागाच्या नावाने लावून दिली, अक्षरे मोठी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी उठून अण्णांनी स्वतः ललत लावला होता. तानपुरा सुरू झाला तेव्हा सोप्यात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. ते घड्याळ तेव्हापासून माजघरात हलवले आहे.

एक काम शिल्लक होते. अण्णांच्या दिवंगत पत्नी, घरातल्या आक्का, यांचा आवाज एकाच कॅसेटवर होता. १९८६ साली थोरल्या मुलाच्या लग्नात हळद लावताना त्यांनी म्हटलेली गाणी कोणीतरी छोट्या रेकॉर्डरवर टिपली होती. जुनी फीत पुन्हा पुन्हा वाजवून पाहण्यात धोका असतो, ती चिकटते, ताणते, तुटते. म्हणून कारागिराकडून डेकचा पट्टा बदलून घेतला, फीत ज्यावरून सरकते ते हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, दुसऱ्याच एका निरुपयोगी कॅसेटवर सारे तपासून पाहिले, आणि मग ती कॅसेट एकदाच, सुरुवातीपासून अखेरपर्यंत वाजवून २४ बिटमध्ये उतरवून घेतली. ध्वनीची पातळी मुद्दाम थोडी कमी ठेवली, कारण संगणकात मर्यादेपलीकडे गेलेला स्वर कायमचा फाटतो, कमी असलेला नंतर वाढवता येतो.

नातवाने हौसेने ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीतली आवाज गाळण्याची सोय त्यावर चालवली. फितीची सळसळ गेली, मागची भांड्यांची आदळआपट आणि बायकांची कुजबुज पुसट झाली, आक्कांचा स्वर एकटा पुढे आला. त्याने ते अण्णांना मोठ्या अभिमानाने ऐकवले. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागं एक म्हातारी सारखी काहीतरी सांगत होती, तिला का काढलंस रे? ती माझी आई."

मूळ मुद्रण सुदैवाने तसेच ठेवलेले होते. आता तेच वाजते, सळसळीसह. त्याची एक प्रत घरातल्या डिस्कवर आहे, दुसरी दुकानाच्या तिजोरीत हिशेबाच्या प्रतींबरोबर ठेवलेली असते, आणि दर दिवाळीला वह्या बदलताना ती उघडते की नाही हे पाहण्याचे काम नातवाकडे आहे.